आठचा आकडा, साठचा वेग

चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीत राहणाऱ्या इंजिनिअरला रँकिन कोण हे सांगावं लागत नाही. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, मग ती वाफ थंड करून पाणी पुन्हा बॉयलरकडे पाठवायचं. या चक्राला त्याचं नाव आहे आणि चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचे २,९२० मेगावॅट याच चक्रावर चालतात. विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन हा ग्लासगो विद्यापीठातला प्राध्यापक. १८६९ साली त्यानं 'द इंजिनिअर' या ब्रिटिश साप्ताहिकात एक लेखमाला लिहिली. तिचा वाफेशी काडीचाही संबंध नव्हता. विषय होता 'व्हेलॉसिपीड', म्हणजे आजच्या सायकलचा लाकडी-लोखंडी पूर्वज. दोन चाकांवर बसलेला माणूस पडत कसा नाही आणि वळतो कसा, हे त्याला उलगडायचं होतं. त्यानं दाखवून दिलं की तोल सांभाळला जातो तो हँडलनं, आणि एका बाजूला वळण्यासाठी चाक आधी क्षणभर दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं.

त्या गोष्टीला दीडशेहून जास्त वर्षं झाली. आज वीज केंद्राची पाळी सुटली की फाटकातून दुचाक्यांची रांग दुर्गापूर, तुकूम आणि शहराच्या दिशेनं निघते. त्यातल्या अनेकांना रँकिनचा पहिला शोध तोंडपाठ असतो. दुसरा शोध हातात घेऊन ते घरी जातात, पण तो शोध आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

यात हसण्यासारखं काही नाही. बॉयलरजवळ जाणाऱ्या माणसाला प्रशिक्षण मिळतं, परवानगीचा कागद लागतो, डोक्यावर हेल्मेट आणि पायात सेफ्टी शूज सक्तीचे असतात. तोच माणूस फाटकाबाहेर पडून कोळशाच्या ट्रकमागून साठच्या वेगानं जातो, तेव्हा त्याला ते वाहन वळवायचं कसं हे कुणी एकदाही सांगितलेलं नसतं. त्याला परवाना देणाऱ्या सरकारनंही विचारलेलं नसतं. या लेखाची तक्रार एवढीच आहे, आणि मागणीही तिच्यातूनच निघते.

या तंत्राला इंग्रजीतून आलेलं नाव काउंटरस्टीअरिंग. आपण त्याला उलटं हँडल म्हणू. गाडी पंधरा-वीस किलोमीटरच्या वर गेली, की डावीकडे जायचं असेल तर हँडलची डावी मूठ हळूच पुढे ढकलायची. म्हणजे हँडल वळलं उजवीकडे! पुढचं चाक किंचित उजवीकडे सरकतं, टायर जमिनीला टेकतो ती जागा माणसाच्या आणि गाडीच्या वजनाखालून उजवीकडे निघून जाते, त्यामुळे गाडी डावीकडे कलते. कलली की पुढचं चाक आपसूक डावीकडे फिरतं आणि गाडी डावं वळण घेते. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत घडतं. मूठ जितकी जोरात ढकलाल तितकी गाडी झटकन कलते. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ.

पहिल्यांदा ऐकणारा माणूस हे मानत नाही. "मी तर गाडी अंगानं वळवतो," असं तो ठणकावून सांगतो. त्याचंही चुकत नाही, कारण अंग झुकवताना त्याचा हात नकळत मुठीवर दाब देत असतो. गाडीला काय कळतं आणि काय नाही, हे तपासण्यासाठी अमेरिकेतले मोटारसायकल प्रशिक्षक कीथ कोड यांनी एक गाडी बनवून घेतली. नेहमीच्या हँडलखेरीज तिला मुठींची आणखी एक जोडी थेट सांगाड्याला पक्की बसवलेली होती. त्या न हलणाऱ्या मुठी धरून नुसत्या अंगानं, गुडघ्यानं, कमरेनं गाडी वळवा, असं आव्हान. अनुभवी चालकांनीही अंग टाकून पाहिलं. गाडी थोडी डुलायची, थोडी भरकटायची, पण हवं तेव्हा हवं तसं वळण काही घ्यायची नाही.

हातानं जमतं पण तोंडानं सांगता येत नाही, हा घोळ जुना आहे. विमान उडवण्याआधी राइट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटन गावात सायकलचं दुकान होतं. विल्बर राइट यांनी कितीतरी सायकलस्वारांना विचारून पाहिलं, डावीकडे कसं वळता? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, हँडल डावीकडे फिरवतो. खोदून विचारल्यावर काहींनी आधी हँडल किंचित उजवीकडे जातं हे कबूल केलं. पहिल्याच प्रश्नाला सगळं बरोबर सांगणारा मात्र त्यांना एकही भेटला नाही. विल्बर यांनी ही गोष्ट विसरून सोडून दिली नाही. विमान वळवायचं तर ते कलवावं लागेल, हा विचार सायकलवाल्यांना सुचावा यात नवल नाही.

आकड्यांत सांगायचं तर ताशी साठ किलोमीटर वेगानं पन्नास मीटर त्रिज्येचं वळण घ्यायला गाडी सुमारे तीस अंशांत कलवावी लागते. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगल्या टायरच्या १०० सीसी गाडीला हे जमतं. बसलेल्या माणसाला तीस अंश म्हणजे आता पडलोच असं वाटतं. तो आखडतो, हँडल करकचून धरतो, ब्रेक दाबतो. ब्रेक दाबला की गाडी सरळ उभी होऊ पाहते आणि वळणाबाहेर जाते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'चालकाचा ताबा सुटला' एवढंच छापून येतं. ताबा नेमका कुठं होता आणि कसा सुटला, याची चौकशी कुणी करत नाही.

आता परवान्याकडे वळू. महाराष्ट्रात २०२१पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. पक्क्या परवान्यासाठी आरटीओच्या मैदानावर जावं लागतं आणि तिथं दुचाकीवाल्याला आठचा आकडा काढायचा असतो. पाय टेकायचा नाही, रेषेबाहेर जायचं नाही. परीक्षा वाईट नाही. बाजाराच्या गर्दीत, जटपुरा गेटच्या कोंडीत गाडी हळू चालवताना तोल राहतो की नाही हे तिच्यातून कळतं. पण आठचा आकडा निघतो तो चालण्याच्या वेगानं, आणि त्या वेगात हँडल जिकडे वळवावं तिकडेच गाडी जाते. म्हणजे सरकार ज्या वेगात परीक्षा घेतं त्या वेगाचा नियम एक, आणि ज्या वेगात माणसं मरतात त्या वेगाचा नियम त्याच्या नेमका उलटा. पाटी चंद्रपूरची एमएच-३४ असो की गडचिरोलीची एमएच-३३, ती लावून गाडी चंद्रपूर-मूल रस्त्याला लागली की आठचा आकडा काढण्याचा प्रसंग पुन्हा येत नाही.

बरं, मधल्या काळात कुणी शिकवतं का? दुचाकीच्या परवान्याला ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागत नाही. स्कूलवाले शिकवतात ते कार. मोटारसायकल शिकवतो मोठा भाऊ, मामा, नाहीतर गल्लीतला मित्र. शिकवणी दोन वाक्यांची, "क्लच हळू सोड" आणि "समोर बघ." यातलं दुसरं वाक्य लाखमोलाचं आहे, त्याबद्दल पुढे. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली, जोडीला पोलिसांच्या ३,६०० अहवालांचा अभ्यास केला. १९८१ साली आलेला त्यांचा अहवाल आजही या विषयातला मूळ दस्तऐवज मानला जातो. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के स्वतःचे स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते.

त्याच अहवालातली आणखी एक नोंद आपल्या रस्त्यांवर जशीच्या तशी लागू पडते. धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत चालकाच्या हातात बहुतेक वेळा दोन सेकंदांहून कमी वेळ होता. या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं, पुढचा ब्रेक कमी वापरला, आणि उलट्या हँडलनं गाडी झटकन बाजूला काढण्याचं कौशल्य जवळजवळ कुणाकडेच दिसलं नाही. साठच्या वेगात दोन सेकंद म्हणजे तेहतीस मीटर.

तेहतीस मीटर किती, हे चंद्रपूर-मूल रस्त्यावर कळतं. लोहारा मागे पडलं की दोन्ही बाजूंना जंगल सुरू होतं, घंटाचौकी आणि चिचपल्लीच्या टप्प्यात झाडं अगदी रस्त्यापर्यंत येतात. दुर्गापूर-पद्मापूरवरून ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे जाणारा रस्ता तर ऊर्जानगरच्या उशालाच आहे. या भागात वाघाची बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. फेब्रुवारी २०२२मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघानं एका कामगाराचा जीव घेतला आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाला उचललं, तेव्हा सगळा परिसर हादरला होता. रानडुकराची मात्र बातमी होत नाही. अंधारात झुडपातून निघून मोटारसायकलच्या पुढच्या चाकाखाली येणारं रानडुक्कर, चितळांच्या कळपातलं पहिलं गेल्यावर मागून उडी मारणारं दुसरं, रस्त्यात रवंथ करत बसलेली गाय, गावाच्या वेशीवर चाकामागे धावणारं कुत्रं. या जिल्ह्यांत रोज दुचाकी चालवणाऱ्याला यांपैकी काही ना काही भेटतंच.

गडचिरोलीत त्यात आणखी भर पडली आहे. सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टीच्या रस्त्यांवरून धावू लागल्यापासून तिथल्या दुचाकीस्वाराला एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूला खचलेली साईडपट्टी यांच्यामधून वाट काढावी लागते. पुढच्या ट्रकखालून अचानक खड्डा बाहेर येतो. तो चुकवायला हातभर सरकणं पुरेसं असतं. पण तेवढंच, आणि त्याच क्षणी.

इथंच तंत्राचा आणि जिवाचा संबंध येतो. रोजच्या सवयीच्या वळणावर हात न सांगता बरोबर काम करतो, कारण वर्षानुवर्षांचा सराव असतो आणि मनाला घाई नसते. अचानक काही आडवं आलं की मन हाताकडून काम काढून घेतं. आणि मनाला काय माहीत असतं? डावीकडे जायचं तर हँडल डावीकडे. उजवीकडून डुक्कर आलं, घाबरलेल्या चालकानं डावीकडे निसटण्यासाठी हँडल खरोखरच डावीकडे ओढलं, तर गाडी कलणार उजवीकडे, म्हणजे थेट डुकराच्या अंगावर. त्यात माणूस ज्याला भितो त्याच्याकडेच टक लावून बघतो, आणि दुचाकी नजरेमागे जाते. म्हणून मामाचं 'समोर बघ' हे अर्धं शास्त्र आहे. पूर्ण वाक्य असं की जिथून निसटायचं त्या मोकळ्या जागेकडे बघ आणि त्या बाजूची मूठ ढकल.

जाणकार वाचक इथं म्हणेल, मग ब्रेकचं काय? बरोबर आहे. बहुतेक प्रसंगी सरळ रेषेत दोन्ही ब्रेक नीट दाबणं हाच पहिला उपाय. कळप दिसला तर कट मारून पलीकडे जाणं मूर्खपणाचं, कारण पलीकडेही चितळच असतं. आणि ब्रेक व कट एकाच क्षणी केले तर टायरला दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत, गाडी स्लिप होते. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी कॉम्बी ब्रेक व्यवस्था सक्तीची झाली, त्यामुळे ब्रेकची बाजू थोडी सुधारली. एबीएस चाक अडकू देत नाही, पण गाडी कुठं न्यायची हे ते ठरवत नाही. थांबायला जागा नसेल तेव्हा हातच लागतो.

आत्मविश्वासाबद्दल चंद्रपूरच्या पोरांना काही शिकवण्याची गरज आहे असं वरवर तरी वाटत नाही. ट्रिपल सीट, एका हातात मोबाईल, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. या बेफिकिरीला आत्मविश्वास म्हणणं म्हणजे आजवर काही झालं नाही याला कौशल्य समजणं. दुसरीकडे एकदा पडलेला माणूस असतो. वाळूवर किंवा ओल्या कोळशाच्या भुकटीवर गाडी घसरली, हाताला प्लास्टर लागलं, आणि त्यानंतर प्रत्येक वळणावर तो खांदे ताठ करून बसतो. ताठ हातानं मूठ ढकलता येत नाही, कारण दोन्ही हात एकमेकांशी भांडत असतात. गाडी जड लागते, वळत नाही, भीती आणखी वाढते. स्कूटर चालवणाऱ्या कितीतरी बाया घरच्यांची "तुला जमणार नाही" ही टिप्पणी ऐकत वर्षानुवर्षं तीसच्या वर जात नाहीत आणि उजवं वळण टाळण्यासाठी लांबचा रस्ता धरतात. उलटं हँडल स्कूटरलाही तितकंच लागू आहे. आपल्या हाताच्या कुठल्या हालचालीनं गाडी काय करते हे एकदा कळलं की ही भीती बरीचशी निवळते. कारण ती भीती वेगाची कमी आणि अनिश्चिततेची जास्त असते.

जुन्या पिढीला हे कसं जमत होतं, असं विचारतात. बजाज चेतकचं इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे वजन एकीकडे झुकलेलं, चाकं दहा इंचांची. ती स्कूटर सरळ चालवणं हीच एक कला होती आणि किक मारण्याआधी तिला बाजूला तिरकं करायचं असतं हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं! पण त्या स्कूटरचा वेग आजच्या दीडशे सीसी गाडीचा नव्हता, आणि रस्त्यावर कोळशाचे, खनिजाचे इतके ट्रकही नव्हते. तेव्हाची माणसं जास्त कुशल होती या समजुतीला फारसा आधार नाही. त्यांना चूक सुधारायला वेळ मिळत होता.

दुचाकीवरची माणसं किती मरतात याचा हिशोब केंद्र सरकार दरवर्षी छापतं. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसताना गेलेल्यांची संख्या त्याच अहवालात ५०,०२९ आहे. त्यामुळे कुणी म्हणेल की आधी हेल्मेट घालायला लावा, दारू पिऊन चालवणाऱ्यांना पकडा, खड्डे बुजवा, मग तंत्राच्या गप्पा मारा. हा आक्षेप हलका नाही. हेल्मेटनं जितके जीव वाचतील तितके कुठल्याही वर्गानं वाचणार नाहीत, हे मान्य. पण हेल्मेट आदळल्यावर कामाला येतं. आदळण्याआधीच्या दोन सेकंदांचं काय, या प्रश्नाला 'खड्डे बुजवा' हे उत्तर अपुरं आहे. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच वेळी करायला बंदी नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो या लेखाच्या विरोधात जातो. कौशल्य शिकवलं की माणसं जास्त धोका पत्करतात. नॉर्वेनं नव्या कारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं खास प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. पुढे १९८८च्या अभ्यासात दिसलं की तरुण पुरुषांचे अपघात त्यानं घटले नाहीत, उलट वाढले. आपल्याला आता घसरण सावरता येते, या भरवशावर ते बर्फावर वेगानं जाऊ लागले असावेत. उद्या ऊर्जानगरच्या मैदानावर चार तास कट मारायला शिकलेला पोरगा परवा मूल रस्त्यावर ट्रकांच्या मधून कट मारत सुटणार नाही, याची हमी कोण देणार?

हमी कुणीच देणार नाही. पण नॉर्वेच्या गोष्टीतून शिकवूच नका असा अर्थ काढणं घाईचं होईल. तिथल्या वर्गातून मुलं 'मला जमतं' हे घेऊन बाहेर पडली. 'मला इतक्याच वेगापर्यंत जमतं' हे घेऊन बाहेर पडायला हवी होती. मैदानावर चाळीसच्या वेगात कट नीट निघतो, पन्नासला खुणेचा कोन उडतो, साठला कट सुरू होण्याआधीच कोन मागे पडतो. हे स्वतःच्या हातानं अनुभवलेला पोरगा जंगलाच्या रस्त्यावर अंधारात किती वेगानं जायचं याचा हिशोब जरा वेगळा करेल. निदान त्याच्याकडे हिशोबाला आकडे असतील. आज त्याच्याकडे फक्त मित्रांच्या बढाया असतात. शिकवणाऱ्यानं आधी अपयश दाखवायचं, मग तंत्र. क्रम उलटा झाला तर नॉर्वे होतं.

परीक्षेत हे आणता येतं का? ब्रिटननं आणलं. एप्रिल २००९पासून तिथल्या मोटारसायकल परीक्षेत बंद मैदानावर ताशी ५० किलोमीटर वेगानं येऊन अडथळा चुकवायचा आणि मग ताब्यात गाडी थांबवायची, हा भाग सक्तीचा झाला. गदारोळ कमी झाला नाही. मोठी मैदानं लागत असल्यामुळे परीक्षा केंद्रं कमी झाली, लोकांना लांब जावं लागलं, ओल्या डांबरावर उमेदवार पडले. २०१०मध्ये संसदेच्या समितीनं सरकारला यावरून खडसावलं. अडथळा चुकवण्याची परीक्षा तरीही राहिली. आपल्या आरटीओनं ब्रिटनची नक्कल करावी असं नाही; इथं उमेदवार स्वतःची, बहुधा काकांकडून मागून आणलेली, गुळगुळीत टायरची गाडी घेऊन येतो आणि त्याला पहिल्याच दिवशी पन्नासनं कट मारायला लावणं म्हणजे त्याला हॉस्पिटलात पाठवणं. पण तीसच्या वेगानं, रुंद खुणांमधून, आधी शिकवून घेतलेली साधी चाचणी अशक्य नाही. आठचा आकडा राहू द्या. त्याच्या शेजारी साठ-सत्तर मीटरची एक सरळ पट्टी आखा.

शिकवण्यासाठी तर परीक्षेची वाट बघण्याचीही गरज नाही, आणि इथं ऊर्जानगरकडे जिल्ह्यातल्या इतर कुठल्याही वस्तीपेक्षा जास्त साधनं आहेत. कंपनीची वसाहत, आतले रुंद आणि तुलनेनं रिकामे रस्ते, मैदानं, सुरक्षा विभाग, आणि यंत्र समजून घ्यायची सवय असलेली माणसं. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ होते, जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात. 'अति घाई, संकटात नेई' हे वाचून कुणाची मूठ बरोबर दिशेला ढकलली गेल्याचं ऐकिवात नाही. त्याच पैशांत प्लास्टिकचे कोन, खडूच्या रेषा आणि एक शिकलेला प्रशिक्षक येतो. प्रशिक्षक अजिबात मिळणार नाही अशीही स्थिती नाही. कीथ कोड यांची कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल चेन्नईजवळच्या ट्रॅकवर येऊन गेली आहे, दुचाकी कंपन्यांचे स्वतःचे सुरक्षा प्रशिक्षक आहेत. हौशी रेसर हजारो रुपये मोजून जे शिकतात त्यातला शेकडा दहा भाग पाळीवर जाणाऱ्या ऑपरेटरला, मोहर्लीच्या गाईडला, गावोगाव फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीला मिळाला तरी पुरे. त्यांना गुडघा डांबराला टेकवायचा नाही. त्यांना रानडुक्कर चुकवायचं आहे.

वर्ग साधा असावा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग तीस ते चाळीस, कोपरं सैल, नजर दूर. डाव्या तळव्यानं मूठ अगदी हलकी पुढे ढकलायची आणि सोडायची. गाडी डावीकडे सरकली हे जाणवलं की उजवीकडून तेच. ब्रेकला हात नाही. पहिल्या दहा मिनिटांत चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटतं ते बघण्यासारखं असतं, मग माणूस पंचविशीतला असो की निवृत्तीला आलेला. त्यानंतर दोन कोनांमधून एकदा ढकल, एकदा उलट ढकल, आणि गाडी सरळ. मग वेगळा सराव, फक्त ब्रेकचा, सरळ रेषेत. डबलसीट बसवून मूठ ढकलण्याचा सराव पुन्हा एकदा, कारण मागे माणूस असला की गाडी उशिरा कलते आणि आपल्याकडे मागे माणूस असतोच. हेल्मेट नसलेल्याला मैदानात प्रवेश नाही, आणि ज्याच्या टायरची नक्षी गेली आहे त्यानं त्या दिवशी नुसतं बघायचं.

वेळ मात्र जपून निवडावी लागेल. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सकाळी सहा ते आठ एवढेच दोन तास हाती लागतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दुर्गापूरच्या बाजूला रस्त्यावर साचलेल्या भुकटीचा काळा चिखल होतो आणि त्यावर सराव करणं धोक्याचं. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी एक तुकडी बसवली तर वसाहतीतले बहुतेक दुचाकीवाले दोन हंगामांत या मैदानावरून जाऊन येतील. सुरक्षा विभागानं मनावर घेतलं तर पहिली तुकडी येत्या नोव्हेंबरात बसू शकते. आरटीओच्या निरीक्षकांना तिथं पाहुणे म्हणून बोलवावं, आणि त्यांच्यापैकी जो तयार असेल त्याला त्याच्याच गाडीवर आधी बसवावं.